कुरडयांची राखण

आधुनिक कलेच्या संग्रहालयाने उन्हाळ्यात मागच्या आळीसाठी अंगण खुलं केलं, तेव्हा सगुणाबाईंनी बायका जमवल्या, जुन्या साड्या अंथरल्या आणि अंगणभर कुरडया घातल्या. आत मुख्य विश्वस्त रायरीकर भाषण ठोकत होते, ते कर्ण्यावरून बाहेर ऐकू येत होतं. "जे जपावंसं वाटतं, तेच संग्रहालयात ठेवायचं."

भाषण आटोपून बाहेर येताच त्यांचा पारा चढला. "हे वाळवण उचला. हे संग्रहालय आहे, कुणाची गच्ची नव्हे."

सगुणाबाई काठी घेऊन राखणीला बसल्या होत्या. तेवढ्यात एक कावळा साडीच्या कडेला उतरला आणि उड्या मारत पुढे आला. बायका चुळबुळल्या, पण सगुणाबाईंनी मांडीवरची काठी हलवली नाही. त्या साहेबांकडेच बघत राहिल्या. कावळ्याने कुरडईकडे चोच नेली मात्र, रायरीकर भाषणाची गुंडाळी उगारून धावले. "हुश्, हुश्."

कावळा उडाला. सगुणाबाई उठल्या आणि त्यांनी काठी साहेबांच्या हातात दिली.

"जपावंसं वाटलं ना, साहेब? मग बसा. मी जरा तुमची चित्रं बघून येते. तिथं तर कावळासुद्धा फिरकत नाही."

ऊन कलेपर्यंत कुरडया अंगणातच होत्या, आणि काठी रायरीकरांकडे.