वळण घरी राहिले

एका बंदराच्या गावी एकदा एक वृद्ध मुद्रक होते. हयात छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेली. म्हातारपणी संगणक आला, तर तोही त्यांनी मुकाट्याने आपलासा केला. त्यांच्या हाताखाली एक शिष्य होता. हुशार होता, आणि हुशारीला जी खोड असते ती त्यालाही होती. एकच मजकूर तो निरनिराळ्या रीतींनी पीडीएफ करून पाही, आणि सर्वांत हलकी फाइल आपली निघाली की स्वारी दिवसभर खुशीत असे.

गावातल्या निवृत्त पोस्टमास्तरांची पत्नी अंथरुणाला खिळली होती. आजाराने तिचा आवाज गेला होता. मुलगा दूर समुद्रात, मालवाहू जहाजावर. त्याच्या लग्नाला ती हट्टाने गेली नव्हती, आणि तेव्हापासून मायलेकरांत अबोला होता. जाण्यापूर्वी तिला एवढेच विचारायचे होते, "राग गेला का रे?" तिने पानभर लिहिले. ते पान मुलाला ईमेलने पाठवायला पोस्टमास्तर छापखान्यात आले.

पानाचा फोटो काढून केलेली फाइल जहाजाला झेपेना. तिथे इंटरनेट थेंबाथेंबाने मिळते. गुरू त्या दिवशी बाहेरगावी होते. शिष्याने मजकूर जुन्या मराठी फाँटात टाइप केला, आणि पीडीएफ करताना 'फाँट सोबत जोडा' ही खूण काढून टाकली. फाइल पिसासारखी हलकी झाली आणि लगेच गेली. शिष्य खूश झाला.

आई दाराकडे डोळे लावून पडून राहिली. उत्तर आले ते असे: "बाबा, फाइल उघडली, पण नुसत्या कसल्यातरी खुणा दिसतात. आईने काय लिहिलंय?" ते येण्याआधीच, पहाटे, ती गेली होती.

पोस्टमास्तर हे सांगून गेले तेव्हा गुरू परतले होते. ते रागावले नाहीत. शेजारच्या दुकानातल्या संगणकावर त्यांनी तीच फाइल उघडली, छापली आणि कागद शिष्यापुढे धरला.

"वाच."

कागदावर रोमन अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांचा नुसता काला होता. "गुरुजी, आपल्याकडे तर नीट दिसत होती हो!"

"आपल्याकडे दिसणारच, तो फाँट आपल्या संगणकात आहे. अरे, फोटो जड असतो, कारण तो पानाची कोरी जागासुद्धा ठिपक्याठिपक्याने वाहून नेतो. टाइप केलेला मजकूर त्याहून पुष्कळ हलका. लागतील तेवढीच अक्षरं सोबत बांधली असतीस तरी जहाजाला जड झाली नसती. तू अक्षरांची वळणंच घरी ठेवलीस. तिकडच्या यंत्रापाशी ती नव्हती, मग त्याने जवळ होतं ते लावलं. वजन कमी झालं की आपण खूश होतो. काय टाकून कमी झालं, ते कोण बघणार?"

शिष्याला रडू कोसळले. वळणे सोबत बांधून त्याने फाइल पुन्हा पाठवली.

उत्तर तेराव्याच्या दिवशी आले. पोस्टमास्तरांनी आयुष्यभर लोकांची पत्रे पोचवली होती. हे एक पत्र त्यांना वाचवेना. "तूच वाच, बाळा. तिच्या फोटोसमोर, मोठ्याने."

अक्षर न् अक्षर स्पष्ट होते. "आई, राग केव्हाच गेला. तू बोलत नव्हतीस, म्हणून मी गप्प होतो."

त्यानंतर फाइल पाठवल्यावर 'पोचली का?' असे शिष्याने कोणाला विचारले नाही. तो विचारी, "वाचता येते का?"