कौलासारखं

"आन ह्ये लाकूड कुठलं म्हनलास?"

येसबाबुवांनी मठाच्या छपरावरूनच विचारलं. खाली शिडीपाशी उभ्या असलेल्या माणसाने हातातला तुकडा उंच धरला होता.

"लाकूड नाही, बुवा. लाकडासारखं आहे. फरशीच ती, वर सागवानाची छपाई."

"आन त्यो दगड?"

"दगडासारखा. पातळ थर असतो, भिंतीला चिकटवायचा. लांबून बघितलं तर कुणाला कळत नाही."

"जवळनं?"

"जवळून कोण बघतंय, बुवा..."

बुवा "हं" म्हणाले आणि पुढचं कौल उचललं.

आजऱ्याच्या पुढे, डोंगराला लागून हा लहानसा मठ आहे. वैशाख सरत आला की बुवा स्वतः छपरावर चढतात, सगळी कौलं काढतात आणि पुन्हा एकेक करून बसवतात. वय विचारलं तर म्हणतात, छपरापेक्षा थोडं कमी. मठात येऊन बसायच्या आधी ते सुतार होते आणि हात अजून सुताराचेच आहेत.

मी निवृत्त मास्तर. त्या दिवशी माझ्याकडे खाली बसून कौलांवरचं शेवाळ काथ्याने घासायचं काम होतं. काम मला फार आवडलं. शाळेत तीस वर्षं घासूनही जी चकाकी दिसली नव्हती, ती इथे दोन मिनिटांत दिसत होती.

शिडीपाशी उभा होता तो धैर्यशील रेडेकर, पुण्यातला इंजिनिअर. आमच्या रेडेकर नर्सबाईंचा एकुलता एक मुलगा. बाईंनी या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर पस्तीस वर्षं बाळंतपणं केली आणि सगळं आयुष्य सरकारी क्वार्टरमध्ये आणि नंतर भाड्याच्या खोलीत काढलं. आता मुलगा त्यांच्यासाठी गावात घर बांधत होता. भिंती उभ्या राहिल्या होत्या. छप्पर आणि बाकीचं सगळं ठरायचं होतं, म्हणून तो नमुन्यांची पेटीच घेऊन आला होता. नाव धैर्यशील, पण धीर म्हणाल तर औषधालाही नाही.

"बुवा, मला दुपारच्या आत ऑर्डर द्यायची आहे. ठेकेदाराचे फोनवर फोन येतायत. आईने सगळं माझ्यावर सोपवलंय. फक्त म्हणाली, बुवांकडून कौल आण. कौल मिळाला तरच त्या घरात पाऊल टाकीन, नाहीतर आहे ती खोली बरी आहे."

"कौल व्हय? न्हे की. मास्तरांपाशी ढीग पडलाय."

मी हसलो. धैर्यशील हसला नाही.

"ते कौल नव्हे, बुवा. तो कौल. होय की नाही, तो."

व्याकरण अगदी बरोबर होतं. मी मनातल्या मनात त्याला पैकीच्या पैकी मार्क देऊन टाकले.

"देतो की," बुवा म्हणाले. "पर माझं दोन्ही हात गुतल्यात. जरा शिडी धर, लई हलतीया. आन मास्तर देतील ती कौलं वर देत ऱ्हा."

धैर्यशीलने एका हाताने शिडी धरली. दुसऱ्या हातात फोन होता, तो नाइलाजाने खिशात गेला. माझ्याकडून कौल घ्यायचं, दोन पायऱ्या चढायचं आणि बुवांच्या हातात द्यायचं, असं सुरू झालं. पाचव्या कौलापर्यंत त्याच्या पांढऱ्या शर्टाचा रंग आमच्या अंगणाला शोभेल असा झाला होता.

"दरवर्षी करावं लागतं हे?" त्याने विचारलं.

"व्हय. कौलं सारखी कराय लागत्यात."

"तेच तर! सारखी करावी लागतात. सारखी, सारखी. आमच्यात तसं नाही. आमचं एकदाच."

बुवांचं 'सारखी' निराळं होतं आणि धैर्यशीलचं निराळं. पण तो आता रंगात आला होता, म्हणून मी मास्तरकी आवरली. त्याने पेटीतून एक लालभडक तुकडा काढला. पत्राच होता, पण दाबून त्यावर कौलांच्या ओळी उठवलेल्या होत्या.

"हा मुख्य. कौलासारखा पत्रा!"

बुवा एवढे खूश झाले की सरकत सरकत छपराच्या कडेपर्यंत आले. पत्रा हातात घेतला, उन्हात धरला, उलटा केला, बोटाने टणटण वाजवला.

"झ्याक हाय रं. मागनं काय हाय?"

"मागे पत्राच."

"आन म्होरनं?"

"पुढेही पत्राच. पण कौलासारखा."

"बरं बरं."

"माकडं नाचली तरी फुटत नाही. तुमची किती फोडली यंदा?"

"तेरा," बुवा म्हणाले. "त्यातलं एक म्या फोडलं. उगं त्येंच्यावर कशाला घालायचं."

तेवढ्यात धैर्यशीलच्या खिशातला फोन वाजला. त्याचा हात खिशाकडे गेला आणि दुसऱ्या हातातलं कौल निसटून खालच्या पायरीवर पडलं. दोन तुकडे झाले.

मला वाटलं, ओशाळेल. तर उलट चेहरा उजळला!

"बघितलंत? हेच म्हणतोय मी. ही यांची मजबुती!"

बुवांनी नुसता हात पुढे केला. मी ढिगातलं दुसरं कौल दिलं, धैर्यशीलने ते वर पोचवलं आणि बुवांनी खालची लाकडी रीप चाचपून त्या जागी बसवलं. फोन अजून वाजतच होता.

"झालं?" धैर्यशीलने विचारलं.

"झालं की."

"पण हे त्याच कारखान्याचं आहे का?"

"कुणाला ठावं? ते मठाचं जुनं. हे खालच्या आळीतला गोठा पाडला, तिथलं. एकमेकाला वळखत बी न्हाईत. पर बसत्यात मांडीला मांडी लावून." बुवांनी त्याच्याकडे वाकून बघितलं. "तुज्या पत्र्याला भोक पडलं तर रं?"

"वीस वर्षं पडत नाही."

"एकविसाव्या वर्साला?"

"मग... सगळाच बदलायचा."

"एका भोकापायी सगळा?"

"तोपर्यंत ते डिझाइन बंद झालेलं असतं, बुवा. जोड मिळत नाही."

"आरारा," बुवा म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

मग त्यांनी मला खूण केली. फुटक्या कौलाचा लहान तुकडा मी उचलला आणि शिडीच्या आखूड पायाखाली सरकवला. शिडी हलायची थांबली. धैर्यशीलने ती धरून दोनदा हलवून पाहिली. मग शिडीच्या पायाखाली काय गेलंय ते तो वाकून बघू लागला.

"खिडक्या कशा घेतल्यास?" बुवांनी विचारलं.

"खिडक्या ना... आईच्या खोलीतली जरा खाली घेतलीय. पलंगावर पडल्या पडल्या तिला रस्ता दिसावा म्हणून. रात्री-अपरात्री दाराशी कुणी आलं की तिला अजून जाग येते. उठायला नको, नुसतं बघितलं तरी पुरे. आणि न्हाणीघरात धरायला दांडा. पायऱ्याही बुटक्या केल्यात, तिचे गुडघे दुखतात."

"ह्ये मातूर ब्येस केलंस." बुवा मनापासून म्हणाले.

मलाही भरून आलं. इतका वेळ मी त्याला मनातून बरंच काही म्हटलं होतं, ते सगळं परत घेतलं. आईच्या गुडघ्यांचा विचार करून पायऱ्या बांधणारा मुलगा वाईट कसा असेल? मग त्याला हे 'सारखं'चं वेड कुठून लागलं, हे मात्र माझ्या डोक्यात शिरेना.

बुवांच्या शिरलं असावं.

"मग छप्पर कौलारू का नगो?"

"कोण चढणार दरवर्षी? मी पुण्यात. मला रजा मिळत नाही. घर असं पाहिजे बुवा, की बांधलं की बांधलं. पुन्हा हात लावायला नको. मी आलो नाही तरी त्याचं काही अडायला नको."

"म्हंजे तू यायचा न्हाईस, म्हणून घर पक्कं पाहिजे."

धैर्यशीलने शर्टावरची माती झटकली.

"बाई काय म्हनल्या?"

धैर्यशील शिडीच्या पायरीवरचं शेवाळ नखाने खरवडू लागला.

"आई म्हणाली, घर नसलं तरी चालेल, तू येत जा. आता आयांचं बोलणं तुम्हाला माहीतच आहे..."

"न्हाई बा," बुवा म्हणाले. "मी सुतार माणूस."

आणि ते सावकाश खाली उतरले.

अंगणातल्या रांजणातलं पाणी घेऊन त्यांनी हातपाय धुतले. उपरण्याला तोंड पुसलं. मठात समाधीसमोर जाऊन बसले आणि डोळे मिटले. कौल द्यायची त्यांची पद्धत तीच आहे. धैर्यशील घाईघाईने मागे जाऊन बसला, हात जोडले. फोन पुन्हा वाजला, तेव्हा त्याने तो बंदच करून टाकला. मी काथ्या हातात धरूनच दारात उभा राहिलो.

काढलेल्या कौलांच्या जागेतून उन्हाचा एक पट्टा येऊन थेट धैर्यशीलच्या डोक्यावर पडला होता.

बुवांनी डोळे उघडले.

"आला कौल."

"काय आला?"

"होयसारखं हाय."

धैर्यशीलचा चेहरा खुलला. "म्हणजे होय!"

"होय नव्हं. होयसारखं."

"म्हणजे... नाही?"

"न्हाई कशाला आसंल? होयसारखं चांगलं असतंय. लांबनं बघितलं तर होयच वाटतंय. रंग जात न्हाई. वीस वर्सं काळजी न्हाई."

"बुवा, चेष्टा करू नका. आईला मी काय सांगू?"

"बुवांनी होय म्हनलं म्हणून सांग."

"पण तुम्ही होय म्हणाला नाहीत."

"बाईंस्नी कुठं कळतंय? जवळनं कोण बघतंय, बाबा..."

धैर्यशील ताडकन उठला. कानापर्यंत लाल झाला होता, पेटीतल्या पत्र्याइतका.

"माझ्या आईला मी असलं काही सांगणार नाही!" मठ घुमला. "या डोंगरात रात्रीची एकटी कंदील घेऊन चालत गेलीय ती. आयुष्यात कुणाला खोटा धीर दिला नाही तिने. पोर जगणार नसलं तर तसं सांगायची, आणि मग शेजारी बसून राहायची, उजाडेपर्यंत. तिला मी होयसारखं काहीतरी नेऊन देऊ? जे काय असेल ते सांगा. नाही असेल तर नाही सांगा. पण मला..."

तो थांबला. त्याची नजर दाराबाहेरच्या पेटीवर गेली. लाकडासारखं, दगडासारखं, कौलासारखं, सगळं नीट मांडून ठेवलेलं होतं.

मी काथ्या खाली ठेवला.

"पण मला खरा पाहिजे," तो अगदी हळू म्हणाला.

"काय म्हनलास? वाढल्या वयाला ऐकाय कमी येतंय."

"कौल, बुवा. खरा पाहिजे मला."

येसबाबुवा इतके हसले की त्यांना उपरण्याने डोळे पुसावे लागले. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले. त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला अंगणात उन्हात घेऊन आले. छपराचा उरलेला अर्धा भाग तसाच उघडा होता. बुवांनी फुटक्या कौलाचा तुकडा पायाने नीट आत सारला, शिडीच्या दोन्ही बाजू घट्ट धरल्या आणि मान वर केली.

"खरा पाहिजे व्हय? मग चढ वर. शिडी मी धरतो."