पेटता आवा

टाकळवाडीच्या शिवेवर उमाजीनाथ महाराज राहत. मठ नाही, गादी नाही. कुंभारांच्या आव्यापाशी, म्हणजे मडकी भाजतात त्या भट्टीच्या उबेला, पाठ लावून बसत. अंगभर राख. मोठ्या घरची माणसं म्हणत, "हा कसला साधू? हे तर कुंभाराचं गाढव!" म्हणेनात का. भुकेलं लेकरू गाढवालाही कळतं. त्या मोठ्या घरच्यांना कळत नव्हतं.

पाटलांची सून सगुणा मात्र रोज महाराजांना भाकरी नेऊन देई. तिला दिवस राहत आणि गर्भ गळून जाई. सासू चंद्रभागाबाई चारचौघींत म्हणे, "गळकं मडकं आलंय आमच्या घरात. कुंभाराकडंच जातंय, बरंय!" आणि खिदळणाऱ्याही बायकाच!

यंदा पुन्हा दिवस राहिले. सगुणानं महाराजांपुढं पदर पसरला. "महाराज, हे तरी टिकंल का?"

महाराज म्हणाले, "माय, एक थेंब रुजला. त्याचा गोळा झाला, गोळ्यात काळीज धडधडलं. मग बोटं फुटतील, बोटांना नखं येतील. सगळं अंधारात, कुणी न बघता. पेटता आवा कुंभार उघडून बघतो का? तूही भिऊन डोकावू नको. आत बसलाय तो आपलं काम जाणतो."

पण सातवा महिना सरतानाच सगुणा बाळंत झाली. मुलगी. ओंजळीत मावेल एवढी. चंद्रभागाबाईंनी घरची रीत चालवली: पहिलं पिवळं दूध विषारी म्हणून राखेत पिळून टाकलं, सुवेराचा, म्हणजे बाळंतपणाचा, विटाळ म्हणून पोर सुपात घालून दूर ठेवली आणि गुळाच्या पाण्याची वात तिच्या ओठांना लावली. दोन दिवसांत सगुणाचं दूध आटलं. तिसऱ्या दुपारी पोर गार पडली, रडायची थांबली.

सगुणा कण्हली, "आत्याबाई, एकदा माझ्याजवळ द्या हो तिला."

"मरतीला कशाला कवटाळतीस? अधुऱ्या महिन्याचं कुठं जगतं? बोलव तुझ्या राखफाश्याला!"

बोलवावं लागलंच नाही. महाराज दारात उभे होते!

चंद्रभागाबाई आडव्या आल्या. "सुवेरात पुरुष? विटाळ होईल!"

"बाई, मी काय आभाळातून पडलो? याच वाटेनं आलो. तुम्हीही आलात. सरा बाजूला."

त्यांनी सुपातली पोर उचलली आणि सगुणाच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून निजवली. वरून आपलं कांबळं घातलं. "आवा लवकर उघडला, एवढंच झालं. मडकं कच्चं नाही, त्याला ऊब कमी पडली."

"पण महाराज, दूध आटलं," सगुणा रडू लागली.

महाराजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "देवानं शिदोरी आधी बांधली, मग पाहुणा धाडला. ती शिदोरी या शहाण्यांनी राखेत ओतली! तरी तो रुसत नाही, माय. पाज."

आणि काय सांगावं! सगुणाची छाती भरून आली. तेच पिवळं, दाट दूध पुन्हा पाझरलं. एक थेंब पोरीच्या ओठांवर पडला. तिनं जीभ हलवली. मग तोंड लावलं. चुटूचुटू आवाज आला तसा सगुणानं कोंडलेला श्वास सोडला. जरा वेळानं पोरीचे तळवे गुलाबी झाले आणि तिनं असा टाहो फोडला, की परसातल्या कोंबड्या उधळल्या!

चंद्रभागाबाई उंबऱ्यात खिळल्या होत्या. त्यांचा हात आपसूक स्वतःच्या छातीवर गेला. "माझा पहिला लेक..." त्या पुटपुटल्या. "त्याचंही असंच ओतलं होतं मी. सासूबाईंनी सांगितलं म्हणून. तो तिसऱ्या दिवशी..."

ज्या उंबऱ्याआड त्या विटाळ मानत होत्या तो ओलांडून त्या आत आल्या आणि महाराजांच्या राखेनं माखलेल्या पायांवर कोसळल्या.

"उठा," महाराज हळूच म्हणाले. "रडून झालं की खीर करा. माझ्या मायला भूक लागलीय."

त्या उठल्या. आधी सुनेच्या कपाळाला कपाळ टेकवलं, मग चुलीकडं गेल्या.

ज्याला हे खोटं वाटेल त्यानं आपल्या आईपुढं बसावं आणि विचारावं, मला पहिला घोट कुणी पाजला?