जाळं की बाटली

"...मग खोटं कोण बोलतंय, बाई? जाळं की बाटली?"

बिडये बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. निवृत्त झाल्या तरी किनाऱ्यावरच्या या प्रयोगशाळेत त्या रोज येऊन बसत. कुणी जा म्हणत नव्हतं, कुणी काही विचारतही नव्हतं.

सुयोग तांडेल धुमसत होता. एकाच खाडीचं, एकाच भरतीचं पाणी. होडीमागे जाळं ओढलं तर प्लास्टिकचे चार-दोन कण. काचेच्या बाटलीत तेच पाणी भरून गाळलं, तर बारीक धाग्यांचा हा गुंता. त्याचे मार्गदर्शक कारखानीस सर म्हणाले, बाटलीचे आकडे काढून टाक. सुयोगने पीएचडीच टाकली.

म्हातारे असलेच. जन्मभर जाळ्यावर पेपर छापले. आता त्याच जाळ्याला भोकं आहेत हे कोणत्या तोंडाने सांगणार?

"सर तुमच्याच हाताखाली शिकले. तुम्ही शब्द टाका, मला परत घेतील."

"जाळ्यातून धागे निसटतात, हे खरंय तुझं."

"मग आजवर बोलला का नाहीत?"

बाईंनी चष्मा पुन्हा चढवला.

"होडीत गाळून स्वच्छ केलेल्या, कोऱ्या पाण्याची बाटली ठेवायचास? शेजारी, उघडी?"

"त्यात काय मोजायचं? समुद्राचं पाणीच नाही तिच्यात."

बाई उठल्या. काचेच्या बशीत तसलंच कोरं पाणी ओतलं. सुयोगच्या निळ्या पॉलिएस्टर जर्सीची बाही धरली... पाण्यावर झटकली. एकदाच. बशी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

"बघ."

सुयोग सूक्ष्मदर्शकावर वाकला. निळे धागे. कारखानीस सरांच्या टेबलावर ज्यांचे फोटो त्याने आपटले होते, तसेच.

"होडीत हीच जर्सी असायची?"

"...हो."

सुयोगने बाही मागे ओढून घेतली.

"म्हणजे सरांचं बरोबर. जाळंच खरं."

"जाळं नायलॉनचं. झिजतं तेही, पाण्यात कण सोडतं."

"माझी तीन वर्षं गेली, बाई." मग राहवलं नाही. "तुमचा तर जन्म गेला."

"गेला."

एवढंच. त्याला भांडायचं होतं. समोर भांडायला कुणी उरलंच नव्हतं.

"मग समुद्रात प्लास्टिक आहे तरी किती?" त्याने विचारलं.

बाईंनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा मालवला.

"आपण हात घालायच्या आधी... की नंतर?"