प्लूवेलचा लाकडी जोडा

"आणि तुम्ही तो गळ्यात घालून घेतलात?"

"घेतला की."

"मुकाट्यानं?"

"मग काय बोंबलत? बोंबलायचं म्हटलं तर आमच्याच भाषेत बोंबलावं लागलं असतं, गुरुजी. त्याचीच तर शिक्षा होती."

निवृत्त मुख्याध्यापक हरिहर उपासनी खुर्चीतून अर्धे उठले. रागावले की ते अर्धे उठत. पूर्ण उठण्याची वेळ नोकरीत कधी आली नव्हती.

समोरच्या भिंतीवर खिळ्याला एक लाकडी जोडा टांगलेला होता. एकाच पायाचा, लहान मुलाचा, झिजून काळा पडलेला. त्याला भोक पाडून सुतळी ओवली होती.

उपासनींना राग यायला फारसं कारण लागत नसे. पण त्या सोमवारी कारणं रांग लावून उभी होती.

फ्रान्सच्या पश्चिम टोकाला समुद्रात घुसलेला ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. त्या प्रांताची स्वतःची भाषा आहे, ब्रेटन. फ्रेंचशी तिचं नातं नाही, आणि आता बोलणारांशीही फारसं उरलेलं नाही. शनिवारी पॅरिसच्या मराठी मंडळात उपासनींचं व्याख्यान होतं. विषय, 'भाषा कशी मरते'. मरणाऱ्या भाषेचं गाव एकदा डोळ्यांनी पाहावं आणि व्याख्यानासाठी तिथून एखादं जळजळीत वाक्य आणावं, म्हणून ते रेल्वे आणि मग बस करून प्लूवेलला आले होते.

बसनं त्यांना भर दुपारी उतरवलं. चौकात करड्या दगडाची घरं, निळ्या फुलांचे ताटवे, एक उंच चर्च, आणि माणूस एकही नाही. बेकरी बंद. खानावळ बंद. चर्चलाही कुलूप. दुपारी दुकान बंद ठेवण्याचा मान फक्त आपल्या शहराचा, अशी पुण्यात जन्म काढून त्यांची समजूत झाली होती. प्लूवेलनं तोही हिरावून घेतला.

गावाच्या पाटीवर नाव दोनदा लिहिलेलं होतं, वर फ्रेंच, खाली ब्रेटन. कुत्रं फिरवायला निघालेल्या एका बाईंना त्यांनी खालच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, हे वाचून दाखवता का? बाईंनी खांदे उडवले. आजीला यायचं म्हणाल्या.

"पाटीवर भाषा आहे आणि तोंडात नाही!" उपासनी हे कुत्र्याला उद्देशून बोलले. ऐकून घेणारं दुसरं कुणी नव्हतंच.

तशा उपाशी आणि तापलेल्या अवस्थेत ते चर्चमागच्या या खोलीत पोचले होते. इथे फादर एर्वान राहत. वय नव्वदीला टेकलेलं. उभी हयात शेवगाव तालुक्यात महारोग्यांच्या सेवेत काढून ते म्हातारपणी जन्मगावी परतले होते. तिकडच्या लोकांनी एर्वानचं अरुण करून टाकलं होतं, आणि ते जन्मभर अरुणबाबा म्हणूनच राहिले. शेवगावच्या एका स्नेह्यानं पत्ता देताना उपासनींना बजावलं होतं, "बाबाला भेटल्याशिवाय येऊ नका. लई मोठा माणूस."

गोऱ्या पाद्र्याची मराठी अडखळती असेल, आपण ती सांभाळून घेऊ, असा उपासनींचा उदार विचार होता. बाबांची मराठी बाजाराच्या दिवशीची निघाली. तिला सांभाळायची गरज नव्हती. झालंच तर अंगावर येण्याची भीती होती.

बाबांनी काळसर पिठाचं मोठं धिरडं करून त्यावर खारं लोणी घातलं आणि ताटली पुढे सरकवली.

"खा, गुरुजी. उपाशी माणसाचा राग खरा नसतो."

उपासनींनी खाल्लं. राग होता तिथेच होता.

"मला नीट सांगा, बाबा. हा जोडा पहिल्यांदा घातला कुणी?"

"मास्तरांनी. सकाळी जे पोरगं पहिलं आमची भाषा बोलंल, त्याच्या गळ्यात."

"आणि मग दिवसभर?"

"दिवसभर कशाला? दुसरं कुणी बोलताना सापडलं की जोडा त्याच्या गळ्यात. त्यानं तिसरा धरायचा. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात, त्यानं मार खायचा."

"म्हणजे मुलांनीच मुलांना..."

"मास्तर एकदाच घालायचे. पुढचं सगळं आम्ही." बाबांनी आपल्या ताटलीतला धिरड्याचा तुकडा लोण्यात बुडवला. "मी तर लई हुशार. जोडा आला की शेजारच्या पोराच्या पायावर पाय द्यायचा. ते कळवळून आईला हाक मारायचं... आमच्या भाषेत."

उपासनींनी कपाळावर हात मारला.

"आणि तुमचे आईवडील? गावात एकाही आईला वाटलं नाही की शाळेत जावं, त्या मास्तराची गचांडी धरावी?"

"आईला कळलं तेव्हा ती चुलीपाशी होती. काही बोलली नाही..."

"काहीच नाही?"

"दुसऱ्या दिवसापासून ती आमच्याशी फ्रेंच बोलाय लागली. तिला कुठं येत होतं? चार शब्द. त्यातच जेवायला वाढायची, त्यातच निजवायची. गोष्टी सांगायची ते बंद झालं. चार शब्दांत गोष्ट कशी सांगणार?"

"आणि तिची स्वतःची भाषा?"

"गोठ्यात बोलायची. गाईशी." बाबा हसले. "गाईला चांगली भाषा मिळाली, गुरुजी. आम्हाला मोडकी."

आता मात्र उपासनी पूर्ण उठले.

"ही आई? क्षमा करा बाबा, तुमची माता आहे, पण हा घात आहे! सरकारनं केलं, मास्तरानं केलं, समजू शकतो, ते परके. पण आईनं? घरात? स्वतःच्या तोंडानं?"

"तिला वाटायचं पोरं शिकतील, पुढं जातील. मायेपोटी केलं बिचारीनं."

"माया!" उपासनींचा आवाज चौकापर्यंत गेला असावा, कारण कुठेतरी ते मघाचं कुत्रं भुंकलं. "असल्या मायेपेक्षा वैर बरं. मी त्या जागी असतो ना, तर तो जोडा मास्तराच्या तोंडावर फेकला असता आणि मुलांना घरी आणून शिकवलं असतं. आमच्या शाळेत मी पंचवीस वर्षं मराठी दिन साजरा केला, बाबा. फेटे बांधून!"

"फेटे बांधून," बाबा म्हणाले.

"मला शनिवारी बोलायचंय. समोर परदेशात राहणारी मराठी माणसं असतील, सगळी सुखवस्तू, सगळी झोपलेली. त्यांना जागं करील असं एक वाक्य द्या. तुम्ही सोसलंय. तुमच्या तोंडचं एकच वाक्य. त्यासाठी आलोय मी इतक्या लांब."

बाबा जोड्याकडे पाहत राहिले...

तेवढ्यात उपासनींचा फोन वाजला. पुण्याहून होता. त्यांनी तो हातभर लांब धरला, आणि पडद्यावर एक लहानशी मुलगी दिसली. दात पडलेली, धापा टाकत असलेली.

"आबा! आबा, आपल्या माळ्यावर मनीला पिल्लं झाली! तीन! आणि एक ना, आख्खं काळं आहे, आणि त्याचे डोळेच उघडत नाहीत, आणि मनी त्याला असं चाटून चाटून..."

"इंग्लिशमध्ये, इरा."

"आबा, ऐका ना, ते काळं पिल्लू..."

"इंग्लिशमध्ये सांग, बेटा. आईनं काय सांगितलंय? उद्यापर्यंत घरात फक्त इंग्लिश. उद्या शाळेतल्या मॅडमनी विचारलं, तर काय मनी सांगणार?"

पडदा जरा वेळ नुसता हलत राहिला.

"कॅट..." मुलगी म्हणाली.

"हां. कॅट. पुढे?"

"कॅट... थ्री..."

"व्हेरी गुड. आणि ते काळं?"

मुलगी विचार करत होती. तिचे ओठ एकदा हलले आणि मिटले.

"काही नाही," ती म्हणाली. मग चटकन सावरून, "नथिंग."

"शाब्बास! गुड गर्ल!"

फोन बंद झाला. उपासनी प्रसन्न होते. राग विसरल्याचं त्यांच्या ध्यानात आलं आणि ते जरा ओशाळले.

"नात. उद्या तिची मुलाखत आहे, मोठी शाळा आहे हो. प्रवेश मिळाला तर जन्माचं कल्याण. मराठी काय, घरात आहेच, ती कुठे जातेय? दोन आठवड्यांचा प्रश्न, उद्या संपेल... तर कुठे होतो आपण? हां. मला खरोखर कळत नाही, बाबा, त्या आयांना रात्री झोप तरी कशी लागत असेल!"

बाबा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. भिंतीपाशी गेले आणि खिळ्यावरचा जोडा काढला.

त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि सुतळीची गाठ सोडवू लागले. बोटं सुजलेली होती, गाठ जुनी. वेळ लागला.

"काय करताय, बाबा?"

"पोरगी किती वर्षांची?"

"इरा? पाच. का?"

बाबांनी सुतळी आपल्या हातावर मोजली, थोडी कमी केली, पुन्हा मोजली. उरलेली कात्रीनं कापली आणि नवी गाठ मारली. ओढून पाहिली. पक्की होती. मग जोडा उपासनींच्या दोन्ही हातांवर ठेवला.

"अहो, हा... हा तर संग्रहालयात ठेवायचा ऐवज. मी कसा नेऊ?"

बाबा ताटल्या उचलू लागले.

उपासनी जोडा घेऊन उभे राहिले. लाकूड वाटलं होतं त्यापेक्षा जड निघालं. चौकातून बसचा आवाज आला. संध्याकाळपर्यंत दुसरी बस नव्हती.

दारापर्यंत जाऊन ते वळले. आवाज चढवायचा त्यांचा विचार होता, पण तो चढला नाही.

"बाबा... माझं वाक्य राहिलं. शनिवारी मी काय बोलू?"

बाबांनी ताटली पुसता पुसता वर पाहिलं.

"मी सात वर्षांचा होतो, गुरुजी. म्हणून सुतळी आखूड केलीय... पोरीला बसंल."