नाचाच्या बाई आणि करंज्यांच्या मावशी

फार जुनी गोष्ट. समुद्राकाठच्या एका गावात नाच शिकवणाऱ्या एक बाई राहत होत्या. दर नाताळला चर्चमागच्या हॉलमध्ये त्या देवदूतांचा नाच बसवायच्या. पायांच्या बोटांवर तोल सांभाळत करायचा तो बॅले, आणि त्याला साथ बाईंच्याच व्हायोलिनची. शिस्त इतकी कडक, की नाच चालू असताना खोकला आला तरी लोक तो गिळून टाकायचे.

एका वर्षी ऐन नाचात एक तान्हं रडलं आणि बाईंचा सूर चुकला. तेव्हापासून त्यांनी नियमच केला. सात वर्षांखालच्या मुलांनी हॉलमध्ये पाऊल टाकायचं नाही. "एवढ्याशा पोरांना काय कळतंय त्यातलं?" त्या म्हणायच्या. मग नाच सुरू झाला की पोरांची रवानगी मागच्या स्वयंपाकघरात, करंज्या करणाऱ्या मावशींकडे. पोरांची तक्रार नव्हती. तिथे खायला मिळायचं.

वर्षं गेली. बाईंचे गुडघे कुरकुरू लागले. नाचणाऱ्या मुली मोठ्या झाल्या, लग्न होऊन दूर गेल्या. एका साली डिसेंबर उजाडला, तेव्हा जुन्यांपैकी तिघीच उरल्या होत्या आणि शिकायला नवं मूल एकही आलं नव्हतं. आपल्यामागे हा नाच संपणार, या विचाराने बाईंना घास जाईना.

शेवटी त्या स्वतः घरोघरी निघाल्या. एका अंगणात आठ वर्षांची मुलगी खेळत होती.

"नाच शिकायला का येत नाहीस गं?" बाईंनी विचारलं.

"मला नाही येणार, बाई. मी तो कधी बघितलाच नाही," मुलगी म्हणाली. बाईंचा चेहरा उतरलेला पाहून तिला कसंसंच झालं असावं. "पण मला करंजी येते. मुरड घालूनसुद्धा."

पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच. बाईंना राग आला, तोही मावशींचा. त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या. तिथे नाताळच्या करंज्या चालू होत्या आणि पोरं कोपरापर्यंत पिठात बरबटली होती.

"या सगळ्यांना तुम्ही शिकवलंत तरी कधी?" बाईंनी विचारलं.

"मी कुठे शिकवलं, बाई?" मावशी झारा न थांबवता म्हणाल्या. "ती हात घालतात, मी घालू देते. निम्म्या करंज्या तेलात फुटतात. फुटलेल्या आम्ही खातो."

बाई तिथल्याच पाटावर बसल्या. सात वर्षं ज्याला दाराबाहेर ठेवलं, ते मूल आठव्या वर्षी आपणहून आत कशाला येईल? एवढी साधी गोष्ट इतक्या वर्षांत आपल्याला सुचू नये, याची त्यांना लाज वाटली.

नाताळच्या संध्याकाळी हॉलचं दार उघडं होतं आणि पहिल्या रांगेत पोरं बसली होती. नाच रंगात आला, तशी एक तीन वर्षांची चिमुरडी उठली, ओठांना सारण लागलेलं तसंच, आणि देवदूतांमध्ये जाऊन चवड्यांवर उभी राहिली. दोन पावलं टाकली आणि धपकन पडली. लोक हसले, तिघी नाचणाऱ्या गोंधळल्या, व्हायोलिन थांबलं.

आता काही खरं नाही, असं सगळ्यांना वाटलं. चिमुरडीचा ओठ थरथरू लागला. महिनाभर घासून बसवलेला नाच, कदाचित शेवटचा, डोळ्यांदेखत नासला होता. बाईंना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा. मग त्यांना मावशींच्या फुटलेल्या करंज्या आठवल्या.

त्यांनी व्हायोलिन पुन्हा हनुवटीखाली धरलं आणि तीच धून निम्म्या वेगाने वाजवली, तीन वर्षांच्या पायांना झेपेल इतकी सावकाश. चिमुरडी उठली. तिच्यामागून आणखी दोघं आली, मग पहिली रांगच रिकामी झाली. त्याला नाच म्हणणं कठीण होतं. पण बाई शेवटपर्यंत वाजवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाईंचं दार वाजलं. पायरीवर सात-आठ पोरं उभी होती, करंज्या खाऊन हात तेलकट झालेली, सगळ्यांत पुढे ती चिमुरडी.

"काल नाच मोडला," ती म्हणाली. "आज परत करू या?"

"आधी हात धुऊन या," बाई सवयीने म्हणाल्या. पोरं मागे वळली, तशा त्या घाईने म्हणाल्या, "राहू दे, राहू दे. तसेच आत या."

तात्पर्य: जे आपल्यामागे टिकावं असं वाटतं, ते लहान हातांत लवकर द्यावं आणि त्यांच्याकडून ते थोडं बिघडूही द्यावं.