झोत कुठवर पोचतो

“म्हणजे आरसा खराब होता, असं मी लिहून द्यायचं?” दस्तगीर उस्तादांनी विचारलं.

श्रीकर उपासनीने मान हलवली. वर मात्र पाहिलं नाही.

दोघे दर्ग्याच्या ओसरीत बसले होते. सकाळचे दहा वाजून गेले, तरी डोंगर धुक्यातून बाहेर आला नव्हता. अंगण, पायऱ्या, चाफ्याचं झाड, सगळं पांढऱ्यात बुडालेलं. आपण डोंगरावर बसलोय की ढगात, हेच श्रीकरला मघापासून उमगत नव्हतं.

उस्तादांनी चाळीस वर्षं भिंगं आणि आरसे घासले होते. श्रीकर नवखा शास्त्रज्ञ म्हणून कारखान्यात आला, तेव्हा काचेवर हात कसा फिरवायचा, हे त्यांनीच त्याला शिकवलं. पुढे तो मोठा झाला. येणारं क्षेपणास्त्र लेसरच्या झोताने आकाशातच जाळायचं, या कामाचा प्रमुख झाला. तेव्हा उस्ताद निवृत्त होऊन दर्ग्याच्या सेवेला लागले होते. तरी त्या यंत्राच्या मोठ्या आरशावर शेवटचा हात त्याने त्यांनाच बोलावून फिरवून घेतला होता.

“आरशात खरंच काही निघालं?”

“तीन चाचण्या झाल्या, उस्ताद. तिसरी फसली. समितीला कारण हवंय.”

“आणि तुला?”

श्रीकरने चष्मा पुसला. धुक्याने तो पुन्हा भरला.

“आरसा म्हटलं, तर सहा महिन्यांत दुसरा बसवता येईल. काम चालू राहील.”

“दुसरं काही म्हटलं तर?”

“तर... बंद पडेल. अकरा वर्षांचं काम आहे.”

उस्तादांनी हात पुढे केला, श्रीकरने लिहून आणलेला कागद घेतला आणि न वाचताच सही केली. त्या सहीखाली आणखी एका सहीची जागा होती, प्रमुखाची. कागद त्यांनी परत दिला.

श्रीकर दोन दिवस शब्द जुळवत होता. उस्ताद रागावतील, आपल्या हाताची इज्जत काढलीस म्हणतील, अशी त्याची तयारी होती. ती सगळी वाया गेली. आता हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

“खरं की खोटं, तुम्ही विचारलंही नाहीत.”

“खोटं सांगायला कुणी एवढा डोंगर चढतं का, बेटा?”

...

धुकं ओसरीत शिरलं, खांबांना वळसा घालून बाहेर गेलं.

“त्या दिवशी काय झालं ते सांग,” उस्ताद म्हणाले. “मला यंत्रातलं कळत नाही. सोपं करून सांग.”

“क्षेपणास्त्राचा पत्रा वितळायला झोत चार सेकंद एकाच ठिपक्यावर धरावा लागतो. पहिल्या दोन वेळा धरला. हवा स्वच्छ होती. तिसऱ्या दिवशी ऊन फार होतं, वारा सुटला, धूळ उठली. झोताने वाटेतली हवा तापवली, आणि त्याच तापल्या हवेने झोत फाकवला. ठिपका ताटाएवढा झाला. लक्ष्य निघून गेलं.”

“मग जोर वाढव.”

“वाढवला, की हवा आणखी तापते.”

“मग?”

“झोत आणखी फाकतो.”

हे आपण इतक्या सहज बोललो, याचं श्रीकरलाच नवल वाटलं. समितीपुढे हेच वाक्य त्याने टाळलं होतं.

“त्या दिवशी तो दिसला होता का?”

“कोण?”

“झोत.”

“डोळ्यांना नाही दिसत. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसला. धुळीतून लखलखत गेला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.”

“आणि आधीचे दोन दिवस?”

“तेव्हा पडद्यावरही काही नव्हतं. नुसतं लक्ष्य फुटलं.”

उस्तादांनी मान डोलावली. मग त्याच्या कोटाच्या खिशाकडे बोट केलं. तिथे व्याख्यानात वापरायचं लेसर पेन खोचलेलं होतं. श्रीकरने ते दिलं. उस्तादांनी बटण दाबलं आणि ओसरीतून एक हिरवा धागा निघाला. इतका बारीक, इतका सरळ, की धुकं कुणी तेवढ्यापुरतं शिवून ठेवलंय असं वाटावं.

“जा,” उस्ताद म्हणाले. “तिकडे निशाणाच्या खांबापाशी जा. तळवा पुढे करून उभा राहा.”

श्रीकर उठला. धाग्याच्या कडेकडेने चालू लागला. दहा-बारा पावलांवर धागा विरला. पुढे तो अंदाजाने चालत राहिला. अंगण एवढं मोठं कधी झालं, ते त्याला कळेना. पायांचा आवाज येत नव्हता. मग हाताला गार लोखंड लागलं, तो खांब होता. त्याने वळून तळवा पुढे केला.

तळव्यावर काही नव्हतं. ओसरी नव्हती, उस्ताद नव्हते. सगळीकडे एकसारखा पांढरा उजेड होता आणि त्यात त्याचा स्वतःचा हात, मनगटापाशी पुसट होत गेलेला.

त्या पांढऱ्यात त्याला एक शाळा आठवली. ज्या बंदरावर हे यंत्र बसायचं होतं, तिथली. मागल्या वर्षी तो पाहणीला गेला, तेव्हा मुख्याध्यापिका आगाशेबाईंनी त्याला शाळेखालचं तळघर दाखवलं होतं. हल्ल्याचा भोंगा वाजला की मुलांनी कुठे बसायचं, ते भिंतीवर वर्गवार रंगवलेलं होतं. “हे आता लागणार नाही ना हो?” बाईंनी विचारलं होतं. आणि तो हसून म्हणाला होता, “बाई, आता इथे जुन्या वह्या ठेवा.”

तो तसाच उभा राहिला. हात पुढे केलेला.

“पोचला का?” धुक्यातून उस्तादांचा आवाज आला.

“नाही.”

“अजून बघ.”

“नाही पोचत, उस्ताद.”

“इथून फार सुंदर दिसतोय,” उस्ताद म्हणाले.

...

श्रीकर परत आला तेव्हा त्याचे केस ओले झाले होते. उस्तादांच्या हातात पेन अजून तसंच पेटलेलं होतं. तो त्यांच्या शेजारी बसला, मांडीवर कागद घेतला. कारणाच्या रकान्यातला ‘आरसा’ हा शब्द त्याने खोडला. वर लिहिलं: हवा. खाली आणखी एक ओळ लिहिली: बंदरावरची तळघरं मोकळीच ठेवावीत. उस्तादांच्या सहीवर काट मारून ती रद्द केली आणि आपली केली.

कागद घडी करून खिशात गेला, आणि तो म्हणाला,

“उस्ताद, आता माझ्यापुढे काही दिसत नाही मला.”

उस्तादांनी पेनचं बटण सोडलं. हिरवा धागा विझला.

“आता बघ,” ते म्हणाले.